आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया : दुर्बिणीने की पोट उघडून?

वार्षिक अहवालाची पाने बहुधा आकड्यांनी भरतात. यंदा त्यातील एक पान आम्ही एका प्रश्नासाठी राखून ठेवले आहे. कारण तो रुग्णांचे नातेवाईक व देणगीदार या दोघांकडूनही आमच्या कार्यालयात वारंवार येतो. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने करावी की पोट उघडून?

उरण तालुक्यातील एका वृद्ध रुग्णाच्या चिरंजीवांनी तो ज्या शब्दांत विचारला, ते आम्ही विसरू शकलेलो नाही. “आम्ही गरीब म्हणून वडिलांचं पोट फाडताय का?” त्यांच्या वडिलांचे आतडे गाठीमुळे पूर्ण बंद झाले होते, पोट फुगले होते व त्याच रात्री शस्त्रक्रिया करणे भाग होते. फुगलेल्या आतड्यांच्या गर्दीत दुर्बिणीला वावरण्यास जागा राहत नाही आणि आतड्याला इजा होण्याचे भय असते. निर्णय वैद्यकीय होता; परंतु तो आधी समजावून सांगण्यात आम्ही कमी पडलो, हे मान्य करावयास हवे. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. शल्यचिकित्सकांकडून जे समजून घेतले तेच येथे मांडीत आहोत.

पोटाच्या आतील काम दोन्ही पद्धतींत एकच असते. गाठ असलेला आतड्याचा भाग, त्याच्या दोन्ही बाजूंचा निरोगी भाग व त्याला लागून असलेल्या लसिका ग्रंथी काढावयाच्या आणि उरलेली टोके जोडावयाची. किमान १२ ग्रंथी तपासणीस मिळाव्यात, असा संकेत आहे. रोग किती पसरला व पुढे केमोथेरपी लागेल का, हे त्यावरून ठरते. फरक आहे तो आत जाण्याच्या वाटेचा. दुर्बिणीच्या पद्धतीत कार्बन डायऑक्साइड वायूने पोट फुगवून लहान छिद्रांतून कॅमेरा व अवजारे घालतात. लोक तिला ‘बिनटाक्याची’ म्हणतात, ते येथे खरे नाही. काढलेले आतडे बाहेर घेण्यासाठी एक छोटा छेद द्यावाच लागतो.

आपल्याकडे या विद्येचा पाया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी घातला. १९९० मध्ये त्यांनी तेथे दुर्बिणीने पित्ताशय काढले. कर्करोगात मात्र जगभरच सावधपणे पावले पडली. छिद्रांच्या जागी रोग पुन्हा उगवल्याच्या काही नोंदी १९९० नंतरच्या वर्षांत आल्या होत्या. ही शंका फिटली ती २००४ मध्ये. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८७२ रुग्णांची दोन गटांत तुलना झाली. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के, तर पोट उघडलेल्या गटात १८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच आढळले. रुग्णालयातील मुक्काम सहाऐवजी पाच दिवसांचा झाला, वेदनाशामक औषधेही कमी लागली. मात्र शस्त्रक्रियेस वेळ अधिक लागला.

एक दिवस वाचला, यात विशेष ते काय, असे हिशेबी मनाला वाटेल. आम्हालाही वाटले होते. परंतु कर्जत-खालापूरकडील शेतकऱ्याला भातलावणीच्या दिवसांत मोठ्या जखमेनिशी वाकता येत नाही, आणि मोठ्या छेदाच्या जागी पुढे हर्निया होण्याची भीती ओझी उचलणाऱ्यास अधिक असते. ती बचत आमच्या जमाखर्चात दिसत नाही.

याच अभ्यासात दुर्बिणीने आरंभ केलेल्या सुमारे पाचांपैकी एका रुग्णाचे पोट अखेर उघडावे लागले होते. गाठ शेजारच्या अवयवाला चिकटलेली असणे, पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी एकमेकांना चिकटलेली असणे, रक्तस्राव होणे अशा कारणांनी शल्यचिकित्सक मार्ग बदलतात. ते अपयश नव्हे. संमतिपत्रावर दोन्ही शक्यता लिहिलेल्या असतात त्या यासाठीच. सही करण्यापूर्वी त्या वाचाव्यात, अशी नातेवाइकांना विनंती आहे.

गुदाशयाच्या कर्करोगाबाबत अधिक जपावे लागते. तेथे ओटीपोटाच्या हाडांमध्ये जागा अरुंद असते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात दोन्ही पद्धतींत त्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण तीन वर्षांत ५ टक्केच होते. तथापि त्याच वर्षीच्या अन्य दोन अभ्यासांत काढलेल्या भागाचा दर्जा तेवढाच चांगला राहतो, हे सिद्ध होऊ शकले नाही. तेथे यंत्रापेक्षा हाताचा सराव मोलाचा. जी गाठ आमच्या आवाक्याबाहेरची वाटते, त्या रुग्णास परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा किंवा आपल्या तालुक्यातीलच खारघर येथील त्यांच्या केंद्राचा सल्ला घेण्यास आम्ही सांगतो.

आता देणगीदारांशी थोडे मोकळेपणाने. ‘रक्कम केवळ दुर्बिणीसाठीच’ अशी अट घालून काही देणग्या येतात. त्यामागील भावना आम्ही जाणतो. परंतु दुर्बीण एकदाच घ्यावयाची असते. एकदा वापरून टाकावयाचे स्टेपलर प्रत्येक रुग्णासाठी नव्याने लागतात, आणि रात्री बंद आतडे घेऊन येणाऱ्या रुग्णास भूलतज्ज्ञ, रक्त व अतिदक्षता विभागातील खाट लागते. या खर्चास नामफलक लावता येत नाही. देणगी शक्यतो ‘शस्त्रक्रिया साहाय्य निधी’ या सर्वसाधारण खात्यात द्यावी. कोणत्या रुग्णासाठी कोणती पद्धत, हे मग शल्यचिकित्सक ठरवू शकतील. देणगीची अट ते ठरविणार नाही.