गाव, महाराष्ट्र आणि भारत : लोअर परळमधील आत्मनिर्देशक शब्दांचा विचार

मनुष्य स्वतःस कोणत्या समाजाचा मानतो, ही भावनेची बाब होय. परंतु ती भावना अभ्यासकाच्या हाती लागते ती शब्दांच्या द्वारेच. 'मी अमुक' या वाक्यात 'अमुक'च्या जागी कोणता शब्द येतो, तो कोणासमोर उच्चारला जातो आणि त्या वेळी कोणता शब्द मागे राहतो, हे पाहिले असता राष्ट्रभावनेतील स्थित्यंतराची पुष्कळशी उकल होते. प्रस्तुत लेखात लोअर परळच्या गिरणगावातील अशा शब्दांचा विचार करावयाचा आहे.

तुलनेसाठी प्रथम स्कॉटलंडचे उदाहरण घेऊ. १७०७ साली स्कॉटलंड व इंग्लंड यांचे एकीकरण झाले. त्यानंतर 'स्कॉटिश' आणि 'ब्रिटिश' ही दोन नावे एकाच व्यक्तीच्या ठायी दीर्घकाळ सुखाने नांदली. २०१४ सालच्या सार्वमतात स्वातंत्र्याचा प्रस्ताव सुमारे ५५ टक्के मतांनी फेटाळला गेला. म्हणजे राज्याची सीमा बदलली नाही. तथापि तेथील जनगणनेत स्वतःस 'स्कॉटिश आणि ब्रिटिश' असे दोन्ही म्हणविणाऱ्यांचे प्रमाण २०११ साली सुमारे १८ टक्के होते, ते २०२२ साली ८ टक्क्यांवर आले. याच काळात 'केवळ स्कॉटिश' आणि 'केवळ ब्रिटिश' म्हणविणारे दोन्ही वर्ग वाढले. जी नावे एकीवर एक रचलेली होती, ती आता समोरासमोर उभी राहू लागली आहेत.

आता लोअर परळकडे वळू. येथील चाळींत ओळख करून घेताना विचारला जाणारा प्रश्न 'तुमचं गाव कोणतं?' हा होय. ज्याचा जन्म मुंबईत झाला, तोही या प्रश्नास 'मुंबई' असे उत्तर सहसा देत नाही. तो रत्नागिरी, सातारा वा कोल्हापूरकडील गावाचे नाव सांगतो. याचे कारण गिरणगावाच्या घडणीत आहे. जॉबर आपल्या गावची माणसे गिरणीत लावी. एका गावचे लोक एकाच खोलीत राहत आणि खाणावळीत जेवत. कोकणात परतला की हाच माणूस 'चाकरमानी' ठरे, तर घाटावरून आलेल्यास मुंबईत 'घाटी' म्हणत. नाव माणसाचेच, पण ते ठरविणारा समोरचा असे.

आपल्या भाषेतील मोठी नावेही अशीच लवचीक आहेत. 'देश' म्हणजे राष्ट्र. परंतु कोकणच्या माणसाला 'देश' म्हणजे घाटावरचा मुलूखही होय. १८८१ साली टिळक-आगरकरांच्या मंडळीने काढलेल्या 'मराठा' या इंग्रजी साप्ताहिकाच्या आणि १९५६ साली आचार्य अत्रे यांनी सुरू केलेल्या 'मराठा' या दैनिकाच्या नावात सर्व मराठी भाषिक अभिप्रेत होते. आज तो शब्द बहुधा जातिवाचक झाला असून जुन्या व्यापक अर्थाची जागा 'मराठी माणूस' या शब्दसमूहाने घेतली आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही सर्व नावे एकत्र आली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, तेव्हा आणि पुढेही चळवळीचे बळ गिरणगावात होते. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीत गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी प्रदेशाचा विरह एकरूप झाला आहे. ज्या कामगारास गाव सोडल्याचे दुःख ठाऊक होते, त्याला प्रांताचे दुःख निराळे समजावून सांगावे लागले नाही. विशेष म्हणजे मागणी भारतांतर्गत राज्याची होती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, तेव्हा 'मराठी' म्हणविण्यासाठी 'भारतीय' हे नाव कोणास टाकावे लागले नाही. आपल्या व स्कॉटलंडच्या अनुभवातील महत्त्वाचा फरक येथे आहे.

परंतु रचलेली नावे आपोआप टिकत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासास वाट करून दिली. फिनिक्स मिलच्या आवारात बाजारसंकुल उभे राहिले, कमला मिलमध्ये कचेऱ्या आल्या. अनेक कामगार कुटुंबे विरार-बदलापूरकडे गेली. जाहिरातींत लोअर परळला 'अपर वरळी' म्हणण्याचाही प्रयत्न झाला. 'गिरणगाव' हे नाव तर कोणत्याही रेल्वे स्थानकावर कधी नव्हतेच. ते केवळ लोकांच्या तोंडी होते. बोलणारे पांगले की असे नाव राहावयाचे कोठे?

यावरून निष्कर्ष इतकाच, की आत्मनिर्देशातील बदल म्हणजे एक नाव टाकून दुसरे घेणे नव्हे. नावे बहुधा तीच राहतात. त्यांची व्याप्ती आणि परस्परसंबंध बदलतात. 'आणि'च्या जागी 'किंवा' केव्हा येतो, हेच पाहावयाचे असते. आपल्या जनगणनेत मातृभाषा विचारतात, माणूस स्वतःस काय म्हणवितो हे विचारीत नाहीत. ते काम भाषाभ्यासकाचे आहे. लोअर परळच्या उरलेल्या चाळींत 'गाव कोणतं?' हा प्रश्न अद्याप ऐकू येतो, तोवर त्याची उत्तरे टिपून ठेवणे अगत्याचे आहे.