गळका जीवाणू आणि चिमूटभर पांढरी पूड

चायनीजच्या गाडीवर नूडल्स परतताना शेवटी एक चिमूट पांढरी पूड पडते, बघितलीय ना? आपण तिला सरळ अजिनोमोटो म्हणतो. खरं तर ते कंपनीचं नाव. पूड असते मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे ग्लुटामिक ॲसिड नावाच्या अमिनो ॲसिडचा क्षार. आणि आज ती बनते जीवाणूंच्या मदतीने, आंबवून.

आधी असं नव्हतं. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेडा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी ते विकायला आलं. पण ते बनवायला गव्हातलं ग्लुटेन हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उकळावं लागायचं. एक तर खायचा गहू खर्ची, त्यात ॲसिडने भांडी खराब.

१९५६ मध्ये जपानच्याच क्योवा हाक्को कंपनीत शुकुओ किनोशिता यांच्या टीमला एक जीवाणू सापडला. आज त्याला कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम म्हणतात. त्याला साखर आणि अमोनिया द्या, तो ग्लुटामेट चक्क बाहेर टाकतो.

आता यात नवल काय? तर जीवाणू एरवी भलता काटकसरी. गरजेपुरतं बनवणार आणि थांबणार. मग हा असा उधळ्या कसा? उत्तर आहे बायोटिन. हे जीवनसत्त्व त्याला स्वतः बनवता येत नाही. ते तुटपुंजं मिळालं की पेशीचं आवरण बिघडतं आणि ग्लुटामेट बाहेर निसटतं. आत साठाच होत नाही, म्हणून तो बनवतच राहतो. गळका माठ भरत बसावं, तसं! उसाच्या मळीत मात्र बायोटिन भरपूर. मग मळी वापरताना थोडं पेनिसिलिन घालून गळती सुरू करतात.

पुढची युक्ती लायसिनची, १९५८ ची. या जीवाणूत लायसिन आणि थ्रिओनिन दोन्ही साठले की कामाला ब्रेक लागतो. संशोधकांनी असा म्युटंट शोधला, ज्याला थ्रिओनिन बनवताच येत नाही. जगण्यापुरतं थ्रिओनिन बाहेरून द्यायचं, तेही मोजकंच. दोनपैकी एक किल्ली गायब, ब्रेक लागणार कसा? लायसिन साठतच जातं.

एवढा खटाटोप कशाला? कारण लायसिन ना आपलं शरीर बनवू शकतं, ना कोंबडीचं. आणि ज्वारी, मका, गहू, तांदूळ या सगळ्यांत ते कमी. एक अमिनो ॲसिड कमी पडलं की बाकीचीही प्रथिनं बांधायला नीट वापरली जात नाहीत. त्यांतला नायट्रोजन वाया जातो. म्हणून कोंबड्यांच्या मक्याच्या खाद्यात हे आंबवलेलं लायसिन मिसळतात. तेवढं सोयाबीन कमी लागतं.

आणि आपलं काय? भाकरीसोबत पिठलं, भातावर वरण. ज्वारी-तांदळात कमी पडणारं लायसिन डाळ भरून काढते. आजीने लायसिन हा शब्दही ऐकला नसेल, पण ताट बरोबर वाढलं होतं.

तर पुढच्या वेळी ती पांढरी चिमूट दिसली की त्या गळक्या जीवाणूची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!