लगाम कोणाच्या हाती?

पाठीच्या कण्यातून निघून पायाच्या बोटांपर्यंत पोहोचणारा माणसाचा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, जवळपास एक मीटर लांब असतो. त्याला लागणारी बहुतेक प्रथिनं मात्र तयार होतात एका टोकाला, चेतापेशीच्या मुख्य भागात. तिथून हा माल दुसऱ्या टोकाला नेतं कोण, याचं उत्तर १९८५ मध्ये हाती लागलं. त्या वाहतुकीचा लगाम कोणाकडे असतो, हे शोधण्यात पुढची चाळीस वर्षं गेली आणि ते काम अजून चालूच आहे.

मुळात वाहतूक होते हेच आधी सिद्ध व्हायचं होतं. १९४८ मध्ये पॉल वाइस आणि हेलन हिस्को यांनी जिवंत प्राण्यांच्या चेता आवळून पाहिल्या. आवळलेल्या जागेच्या अलीकडे फुगवटा आला, आणि अडसर काढताच तुंबलेला माल दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुढे सरकू लागला. साठच्या दशकात किरणोत्सारी अमिनो आम्लं वापरून माग काढल्यावर कळलं, की या संथ प्रवाहाखेरीज एक वेगवान प्रवाहही आहे. सस्तन प्राण्यांत त्याची गती दिवसाला ४०० मिलिमीटरच्या आसपास भरते.

ही धावपळ डोळ्यांना दिसली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. रॉबर्ट ॲलन यांनी सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडला आणि एरवी न दिसणारे कण पडद्यावर आणले. प्रयोगाला साथ मिळाली ती स्क्विड या समुद्री प्राण्याची. त्याचा महाअक्षतंतू एक मिलिमीटरपर्यंत जाड असू शकतो. टूथपेस्टच्या नळीसारखा दाबून त्यातला जीवद्रव बाहेर काढला, तरी त्यातल्या कणांची ये-जा चालूच राहते, असं १९८२ मध्ये दिसून आलं.

स्टॅनफर्डचा विद्यार्थी रॉन वेल आणि मायकेल शीट्झ यांनाही स्क्विडच हवे होते. पण १९८३ च्या एल निन्योमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ते मिळेनासे झाले. दोघांनी थेट पूर्व किनाऱ्यावरचं वुड्स होल गाठलं. तिथे थॉमस रीस आणि ब्रूस श्नॅप यांच्यासोबत काम करताना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. जीवद्रवातले कण वेगळे काढून टाकले आणि उरलेला निवळ द्रव काचेवर सूक्ष्मनलिकांसोबत, म्हणजे पेशीतल्या वाहतुकीच्या रुळांसोबत, ठेवला, तर नलिकाच काचेवरून सरकू लागल्या. याचा अर्थ, गती देणारं प्रथिन, म्हणजे मोटर, त्या द्रवात विरघळलेलं होतं. तेच कायनेसिन.

कायनेसिन माल टोकाकडे नेतं. परतीच्या वाटेवरचं डायनीन १९८७ मध्ये रिचर्ड व्हॅली यांच्या गटाने मेंदूच्या ऊतीतून ओळखलं, आणि इथेच घोडं अडलं. शुद्ध केलेलं डायनीन एकट्याने पेशीतल्या पुटिका, म्हणजे मालाच्या पिशव्या, हलवेना. १९९१ मध्ये ट्रिना श्रोअर आणि शीट्झ यांनी त्याचा साथीदार शोधला: डायनॅक्टिन. हे एकच प्रथिन नव्हतं. तब्बल २३ घटकांचं ते संकुल निघालं. २००३ मध्ये त्याचं महत्त्व रुग्णांमध्ये दिसलं. डायनॅक्टिनच्या एका घटकात ५९ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन आलं, तर चालक चेतापेशी हळूहळू निकामी होतात, हे एका कुटुंबाच्या अभ्यासातून उघड झालं.

तरीही हिशेब जुळत नव्हता. डायनीन आणि डायनॅक्टिन एकत्र ठेवले, तरी सस्तन प्राण्यांतली ही जोडी परीक्षानळीत रडतखडतच चाले. २०१४ मध्ये वेल यांचा सॅन फ्रान्सिस्कोतला गट आणि अँड्र्यू कार्टर यांचा केंब्रिजमधला गट यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की तिसरा भिडू आल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. बीआयसीडी२ सारखं जोडप्रथिन या दोघांना बांधून ठेवतं आणि तेच मालालाही धरतं. माल जोडला गेला की मोटर चालू, असा हा चोख बंदोबस्त. कायनेसिनचीही तऱ्हा तीच: बिनकामाच्या वेळी त्याची शेपटी वळून त्याच्याच डोक्याला रोखून धरते.

थांबण्याचीही व्यवस्था असते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावरच्या मिरो या प्रथिनाला कॅल्शियम चिकटलं, की मायटोकॉन्ड्रिया आहे तिथेच थबकतात, असं २००९ मध्ये आढळलं. चेतापेशी जिथे जास्त सक्रिय, तिथे कॅल्शियम वाढतं आणि ऊर्जेची गरजही तिथेच असते.

या मागोव्यात मुंबईही आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट सी. एलेगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक कृमीच्या चेतापेशींत ही वाहतूक पाहतो. यूएनसी-१०४ ही मोटर मालाला नीट धरू शकली नाही, तर पेशी तिची विल्हेवाट लावते, हे २०१० च्या त्यांच्या शोधनिबंधातून पुढे आलं. मोटरीचं आयुष्यही असं मालावर अवलंबून निघालं. अक्षतंतूत ॲक्टिन हे प्रथिन दाटलेल्या जागी माल कसा तुंबतो, हे याच गटाने २०१८ मध्ये मांडलं.

आता कोडं आहे ते दिशेचं. २०२१ मध्ये एरिका होल्झबाऊर यांच्या फिलाडेल्फियातल्या गटाने दाखवलं, की मायटोकॉन्ड्रियाला जोडणारं ट्रॅक२ हे प्रथिन परस्परविरुद्ध दिशांना ओढणाऱ्या कायनेसिन आणि डायनीन या दोन्ही मोटरी चालू करतं, आणि त्यांना एकमेकींशी बांधतंही. मग एका क्षणी कोणाची ओढ वरचढ ठरते, आणि ती ठरवणारे संकेत जिवंत चेतापेशीत कुठून येतात, यावर सध्या प्रयोगशाळांत काम सुरू आहे.