वल्हेकरी आणि राष्ट्रीय संघटना

भोपाळच्या तलावांवर सरावास उतरणाऱ्या अरुंद, निमुळत्या होड्यांचे दोन प्रकार आहेत. कयाकमध्ये खेळाडू पाय पुढे करून बसतो आणि दोन्ही टोकांस पाते असलेले वल्हे उजवीकडे-डावीकडे आळीपाळीने मारतो. कॅनोमध्ये तो एक गुडघा टेकून, एकाच पात्याच्या वल्ह्याने, एकाच बाजूने होडी हाकतो. तरीही ती सरळ रेषेत ठेवणे हेच तेथील खरे कसब होय. 'रोइंग'शी या खेळाची नेहमी गल्लत होते. रोइंगमध्ये खेळाडूची पाठ गतीच्या दिशेस असते व वल्हे होडीस जोडलेले असते. येथे तोंड पुढे आणि वल्हे मोकळे!

भारतात या खेळाचा कारभार 'इंडियन कयाकिंग अँड कॅनोइंग असोसिएशन' ही राष्ट्रीय संघटना पाहते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी खेळाडूस आपले नाव परस्पर देता येत नाही. ते राष्ट्रीय संघटनेनेच पाठवावे लागते. म्हणून गावच्या नदीत कितीही वेगाने डोंगी चालविणारा तरुण असला, तरी राज्य संघटना, राष्ट्रीय स्पर्धा व निवड याच वाटेने त्याला पुढे जावे लागते. होडीचेही नियम काटेकोर आहेत. एकट्याच्या कयाकचे वजन किमान 12 किलो व कॅनोचे 14 किलो हवे, लांबी 5.20 मीटरहून अधिक चालत नाही. शर्यतीनंतर वजनात उणी भरलेली होडी जिंकलेली शर्यतही घालविते.

अपंग खेळाडूंसाठी शारीरिक क्षमतेनुसार गट पाडले जातात. ग्वाल्हेरच्या प्राची यादव 2021 मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकच्या अंतिम फेरीत आठव्या आल्या. ती शर्यत 'वा' नावाच्या होडीची होती; कोकणातील लहान होड्यांप्रमाणे तिलाही बाजूस उलांडी असते. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत त्यांनी कयाकमध्ये सुवर्णपदक व 'वा'मध्ये रौप्यपदक मिळविले.

आशियाई क्रीडास्पर्धांत भारताला या खेळाचे पहिले पदक 1994 साली हिरोशिमा येथे मिळाले. ते दोघांच्या कॅनोतील 1000 मीटर शर्यतीचे कांस्यपदक होते. त्यानंतरचे पदक 2023 मध्ये, त्याच शर्यतीत, अर्जुन सिंह व सुनील सिंह सलाम यांनी आणले. मधली 29 वर्षे रिकामी गेली, आणि पाण्याची वा नावाड्यांची उणीव हे त्याचे कारण खासच नव्हे. सुनील सिंह हे मणिपूरमधील लोकटाक सरोवराकाठच्या मच्छीमाराचे पुत्र आहेत.