मिठाच्या घुमटावरून वाहणारं पाणी

वासोणा गावातल्या एका वाचकांनी विचारलंय: तारापूरच्या अणुकेंद्रात पुरलेल्या किरणोत्सारी कचऱ्याचा अंश आमच्या विहिरींत उतरणार नाही असं संगणक सांगतो, पण संगणक बरोबर सांगतोय हे कोण तपासतं?

विहिरींची काळजी आधी मिटवू. तारापूरला जमिनीलगत पुरतात तो कमी आणि मध्यम किरणोत्सारी कचरा. तो दगडी किंवा सलोह काँक्रीटच्या चरांत आणि उभ्या नळखड्ड्यांत असतो. अतिकिरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत बांधून हवेने थंड राहणाऱ्या कोठारात ठेवलाय, पुरलेला नाही. शिवाय तारापूरचं भूजल समुद्राकडे उतरतं आणि वासोणा दमणगंगेच्या खोऱ्यात आहे, तेव्हा ते पाणी तिकडे पोचत नाही.

प्रश्नाचा दुसरा भाग मात्र एका परिच्छेदात संपणारा नाही.

भूजलाचा प्रवाह संगणकावर मांडणाऱ्या आज्ञावलीची, म्हणजे नव्या भूजल-कोडची, पहिली परीक्षा विहिरीवरच होते. पंप चालू केल्यावर आसपासची पाण्याची पातळी किती आणि कधी उतरेल, याचं समीकरण अमेरिकेच्या चार्ल्स थाइस यांनी १९३५ साली मांडलं. कोडचं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही, तर पुढचं बोलायलाच नको. पण थाइस यांचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर, एकसारखा, सपाट आणि अमर्याद पसरलेला आहे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून, सांध्यांतून आणि वरच्या मुरमाड थरातून वाट काढतं. तिथे पडताळून पाहायला तयार सूत्र नसतं. मग एकच गणित अनेकांनी वेगवेगळ्या कोडवर सोडवायचं आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची.

हेच करायला १९८४ साली स्वीडनच्या अणुशक्ती नियामकांच्या पुढाकाराने हायड्रोकॉइन प्रकल्प सुरू झाला. त्यातल्या पाचव्या गणितावर मी वर्षानुवर्षं लुब्ध आहे. जमिनीखालच्या मिठाच्या घुमटात किरणोत्सारी कचरा पुरण्याचा विचार तेव्हा जर्मनीत चालू होता, त्या धर्तीचं हे गणित. ९०० मीटर लांब, ३०० मीटर खोल असा जमिनीचा उभा छेद घ्यायचा. माथ्यावरचा दाब डावीकडून उजवीकडे घटत जातो, म्हणून पाणी डावीकडे जमिनीत शिरतं आणि उजवीकडे वर येतं. तळाच्या मधल्या ३०० मीटरांत मीठ उघडं पडलेलं. मीठ विरघळलं की पाणी जड होतं, जड पाणी प्रवाहाची दिशा फिरवतं आणि फिरलेला प्रवाह मीठ पुन्हा वेगळीकडे नेतो.

अनेक गटांनी हे सोडवलं. १९९७ साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या लेनर्ड कोनिकाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा सोडवलं, आणि दोष सापडला तो थेट तळाच्या कडेवर. गणिताच्या मूळ मांडणीत मिठाने पाण्यात फक्त पसरत शिरायचं होतं. गणितासाठी छेदाच्या लहान चौकटी पाडतात; गटांनी त्यांतल्या तळाच्या चौकटींत खारटपणा कायमचा ठरवून टाकला. त्या चौकटींतून पाणीही वाहत होतं आणि जाताना मीठ उचलून नेत होतं. ही दुसरी वाट बंद केल्यावर मीठ पुष्कळच कमी सुटलं. कोड कुठला वापरला, याने फारसा फरक पडत नव्हता. कड कशी धरली, यावर सगळं ठरत होतं.

मला यातून एक गोष्ट पक्की वाटते: अनेक कोड एकाच उत्तरावर आले, म्हणून पडताळणी पुरी होत नाही. आणि तेरा वर्षांनी हा दोष हाती लागला, कारण मूळ मांडणी, मोजमापं आणि गटांनी केलेलं काम कागदावर होतं. नुसते निकालाचे आलेख उरले असते, तर कोनिकाव यांना चूक शोधायला जागाच नव्हती. म्हणून कागदपत्रांना कारकुनी काम समजणाऱ्यांशी माझं कधी पटत नाही.

अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने १९८३ सालीच अतिकिरणोत्सारी कचऱ्याच्या कोडसाठी काय काय लिहून हवं, ते सांगून ठेवलं होतं: गणिती मॉडेल, सोडवण्याची पद्धत, वापरणाऱ्यासाठी पुस्तिका, कोडची केलेली तपासणी, खुद्द कोडची प्रत आणि नंतरच्या प्रत्येक बदलाची नोंद. नोंदींवरचा विश्वास उडाला की काय होतं, ते असा कचरा पुरण्यासाठी अमेरिकेत आखलेल्या युक्का पर्वताच्या प्रकल्पात दिसलं. पावसाचं पाणी डोंगरात किती मुरतं, हे काढणाऱ्या काही सरकारी शास्त्रज्ञांच्या ईमेलवरून गुणवत्तेच्या नोंदी बनावट असल्याचा संशय मार्च २००५ मध्ये उघड झाला. पुढे पाणी मुरण्याचं ते मॉडेल सँडिया प्रयोगशाळेकडून नव्याने करून घ्यावं लागलं.

घुमटाचं गणित आपल्यापासून लांबचं वाटेल, पण किनाऱ्यावर जड खारं पाणी आहेच. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर त्याखाली साधारण ४० मीटर खोलीवर खारं पाणी लागतं, असा जुना ठोकताळा आहे. पावसाळ्यात ती सीमा समुद्राकडे सरकते, उन्हाळ्यात आणि उपसा वाढला की जमिनीकडे. किनाऱ्यावरच्या कुठल्याही मॉडेलला ही घनतेची ओढाताण पेलता आली पाहिजे. त्यामुळे अशा मॉडेलचा अहवाल हाती आला की निष्कर्ष बाजूला ठेवून मी आधी समुद्राकडची कड कशी धरली आहे, ते पान उघडतो. ते पान नसेल तर पुढचे आकडे वाचत नाही.