‘बरा झालास ना?’ला खरं उत्तर

दर रविवारी सकाळी सांगलीहून ताईचा फोन येतो. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, इथे येऊन चोवीस वर्षं झाली. २०२१ मध्ये मला गुदाशयाचा कॅन्सर झाला. रेडिएशन, केमो, मग ऑपरेशन. काही महिने पोटावर पिशवी होती, नंतर ती काढली. स्कॅन स्वच्छ आला तेव्हा ताईने गणपतीला पेढे ठेवले. तेव्हापासून तिचा एकच प्रश्न, “बरा झालास ना रे?” आणि माझं एकच उत्तर, “हो गं, एकदम ठणठणीत.”

ते खोटं होतं.

गुदाशय म्हणजे साठवणीची खोली. मल तिथे थांबतो, म्हणून आपण ‘जरा वेळाने जाऊ’ असं म्हणू शकतो. माझी ती खोलीच काढली आणि मोठं आतडं थेट खाली जोडलं. आता थांबणं हा प्रकार उरला नाही. दिवसाला दहा-बारा वेळा जायचं. जाऊन आलं की पंधरा मिनिटांत पुन्हा. घाई अशी, की जिना चढेपर्यंत उशीर झालेला असतो. नुसता वारा सरणार की आणखी काही, तेही कळत नाही.

ऑफिसला जाताना मी उपाशी निघायचो. बॅगेत जादा पँट. ज्या गाडीत टॉयलेट नाही ती सोडून द्यायची. मंडळाच्या गणपतीला जाणं बंद केलं. २०२३ मध्ये भाच्याचं लग्न होतं. ताईला सांगितलं, रजा मिळत नाही. पुढचे दोन महिने तिचा फोन आला नाही.

हॉस्पिटलच्या तपासणीतही मी ‘फाइन’ म्हणायचो. एकदा बायको सोबत होती. ती नर्सला सरळ म्हणाली, “हे खोटं बोलतायत. आम्ही दोन वर्षांत एकदाही बाहेर जेवायला गेलेलो नाही.”

नर्सने एक कागद पुढे केला. त्यावर पाच प्रश्न. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली. ४२ पैकी ३० किंवा जास्त गुण म्हणजे त्रास तीव्र. मला ४१ पडले. शाळेत कधी इतके पडले नव्हते! या त्रासाला नाव आहे, ‘लो अँटिरियर रिसेक्शन सिंड्रोम’, थोडक्यात ‘लार्स’. असं ऑपरेशन झालेल्या अनेकांना तो होतो. मला वाटत होतं, मी एकटाच.

मग उपाय सुरू झाले. डॉक्टरांना विचारून बाहेर पडण्याआधी लोपरामाइडची गोळी. आपल्या आजीचा इसबगोल, पण मोजून. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम. एवढ्याने भागेना, तेव्हा नर्सने छोट्या पंपाने कोमट पाणी घेऊन आतडं रिकामं करायला शिकवलं. प्रत्येकाला हे लागेलच असं नाही, आणि मनाने तर करूच नये. कांदा, मटकी, तिखट मी सुट्टीच्या दिवशी घरीच खातो. शिवाय इथे ‘रडार की’ मिळते. १९८१ पासून चालू असलेल्या योजनेतली ही एकच किल्ली देशभरातली हजारो अपंगांसाठीची टॉयलेट उघडते. ती खिशात असली की निम्मी धडधड कमी होते. वर्षभराने पुन्हा प्रश्नावली भरली, गुण २६ आले. पूर्ण बरा नाही, पण घराबाहेर पडतो.

सगळ्यात अवघड होतं ताईला सांगणं. संडासाचं मोठ्या बहिणीशी काय बोलायचं? एका रविवारी डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “म्हणजे लग्नाला त्यासाठी आला नाहीस होय? आणि मी वेडी रुसून बसले. अरे, लहानपणी तुला धुतलाय मी, माझ्यापाशी कसली लाज?”

गेल्या डिसेंबरमध्ये सांगलीला गेलो. संडास जोडलेली खोली माझ्यासाठी ठेवली होती. पानात मऊ भात, ताक. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालो, तेव्हा माझ्या नकळत ताईने ड्रायव्हरला आधीच बजावलं होतं, “दर अर्ध्या तासाला गाडी थांबवायची. मला लागतं.”

आपल्या घरात कुणी यातून उठलं असेल, तर ‘बरा झालास ना?’ असं विचारू नका. त्याला ‘हो’च म्हणावं लागतं. ‘आता त्रास काय होतो?’ असं विचारा. आणि तुम्हाला स्वतःला होत असेल, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना ‘फाइन’ म्हणू नका.