गाडी केव्हा अडते?

पद्मिनी रस्त्यात अडली, की बॉनेट उघडणाऱ्याचा पहिला हात कार्बोरेटरवर पडतो. ‘कचरा आला असणार’ म्हणत झाकण निघतं, जेटमध्ये फुंकर मारली जाते, जाता जाता एकदोन स्क्रूही फिरवले जातात. गाडी सुरू झाली तर ठीक. नाही झाली, तर मूळ दोष राहतोच आणि वर सेटिंग बिघडते ती वेगळी. जाणता मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी विचारतो, ‘केव्हा अडते? सकाळी की तापल्यावर? सिग्नलला की चढावर?’ जुन्या गाडीच्या कार्बोरेटरचं सगळं निदान या ‘केव्हा’त आहे, असं माझं ठाम मत आहे.

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट आणली. १९७४ पासून ती पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्यावर सोलेक्स पद्धतीचा कार्बोरेटर. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. आता उरलेल्या गाड्या बहुतेक घरच्या, सुटीच्या दिवशी बाहेर निघणाऱ्या. दुखणी बदलली आहेत ती यामुळेच. आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीत फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, खाली चिकट पिवळा थर उरतो आणि तो सगळ्यात आधी सगळ्यात बारीक भोक बुजवतो.

कार्बोरेटरचं काम सांगायला सोपं आहे. गळ्याच्या अरुंद भागात हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून ओढलं जातं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पण इंजिन जागेवर फिरत असताना आणि घाट चढत असताना हे प्रमाण एकाच भोकातून सांभाळता येत नाही. म्हणून थंड इंजिनासाठी स्टार्टर, आयडलिंगसाठी पायलट जेट, पाय दाबल्याक्षणी जादा पेट्रोल देणारा छोटा पंप आणि वेगासाठी मेन जेट, अशा वाटा वेगळ्या केलेल्या असतात. वाट वेगळी म्हणून बिघाडाची वेळही वेगळी.

सिग्नलला बंद पडते पण रस्त्यावर सुरेख पळते, तर संशय पायलट जेटवर. ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर अडखळते आणि मग उचल घेते, तर पंपाचा डायफ्रॅम बघावा. सपाटीवर ठीक, पण चढावर दम तोडते, तर मेन जेट किंवा त्याहीआधी पेट्रोल पंप आणि फिल्टर. हे शेवटचं हमखास विसरलं जातं. वाटीत पेट्रोलच पुरेसं पोचत नसेल, तर जेट कितीही धुऊन काय उपयोग?

आणि स्पार्क? जुन्या गाडीत कार्बोरेटरच्या नावावर खपणारे कितीतरी दोष इग्निशनचे असतात. पॉइंट झिजलेले, कंडेन्सर अधूनमधून साथ सोडणारा, टायमिंग सरकलेलं. गाडी मिसिंग करू लागली की तक्रार हुबेहूब कार्बोरेटरसारखीच वाटते. म्हणून आधी प्लग काढून त्यांचा रंग बघावा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका रंग म्हणजे हवा जास्त, विटकरी-तपकिरी म्हणजे प्रमाण ठीक. तेलकट काळा प्लग मात्र झिजलेल्या रिंगांची किंवा व्हॉल्व्ह गाइडची खूण. तिथे कार्बोरेटरला दोष देण्यात अर्थ नाही. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल, तरी तेच. कारण कार्बोरेटर एकच आहे, तो सहसा एकट्या सिलिंडरवर रागावत नाही.

‘गाडी हवा घेते’ हा तर सगळ्यात फसवा आजार. कार्बोरेटरखालचं गास्केट फाटलं, नट वाजवीपेक्षा जास्त आवळल्याने बैठक वाकली किंवा थ्रॉटलचा दांडा झिजला, की जेट चुकवून हवा आत शिरते. आयडलिंग वरखाली होतं आणि स्क्रू कितीही फिरवला तरी बसत नाही. इंजिन चालू ठेवून जोडावर तेलाचा थेंब सोडावा. आवाज बदलला, तर हवा तिथूनच शिरतेय.

जेट साफ करताना तार किंवा टाचणी घालू नये. हे मी हट्टाने सांगतो, कारण जेट पितळेची आणि पितळ मऊ. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर. त्याचं १३० झालं, तर भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ८ टक्क्यांनी वाढतं. टाचणीने एवढा फरक सहज पडतो, डोळ्यांना दिसतही नाही आणि पेट्रोलचा खर्च मात्र वाढतो. क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने साफ करणं, एवढंच योग्य.

गेल्या काही वर्षांत नवा प्रश्न पेट्रोलमधूनच आला आहे. आपल्याच साखर कारखान्यांतून येणारं इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. इथेनॉल ओलावा शोषतं. पावसाळाभर उभ्या गाडीत पुरेसं पाणी मुरलं, की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि गंज धरतो. जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम फुगतात, मऊ पडतात. टाकीतला वर्षानुवर्षांचा मळही सुटून पुढे येतो. म्हणून या पेट्रोलला टिकणारे पाइप आणि पंपाचा नवा डायफ्रॅम हा खर्च टाळू नये. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर वाटी रिकामी करून ठेवावी.

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असल्याने २० टक्के मिश्रणाला हवा कमी लागते, १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा पट. निव्वळ पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटवर मिश्रण तेवढं पातळ पडतं, इंजिन तापतं, उचल कमी होते. वर सांगितलेला जेटचा एक आकडा वाढवला, तर हा फरक जवळजवळ भरून निघतो. पण सरसकट वाढवू नये. झिजलेल्या जेटची गाडी आधीच जास्त पेट्रोल पीत असते. नवे प्लग लावून गाडी थोडी लांब चालवावी, वेगात असतानाच इंजिन बंद करून प्लग काढावेत आणि ते पांढरे दिसले तरच १३० ची जेट मागवावी.